नाशिकमधून संशोधनाच्या वाटेला लागायचंय? सुरुवात दुसऱ्या वर्षी करा

दरवर्षी टी.वाय.ची काही मुलं स्टाफरूमच्या दाराशी येतात. हातात फॉर्म असतो आणि मुदत परवावर आलेली असते. "सर, शिफारसपत्र हवं होतं." मुलगी हुशार असते, मार्कही चांगले असतात. पण तिच्याबद्दल लिहायला माझ्याकडे हजेरी आणि गुण यांपलीकडे काहीच नसतं, आणि ते तर गुणपत्रिकेत आधीच छापलेलं असतं. अशा वेळी मला फार वाईट वाटतं. उन्हाळी फेलोशिप असो, चांगल्या संस्थेतली प्रयोगशाळा असो की परदेशातला प्रवेश, तुमचं काम कुणीतरी जवळून पाहिलेलं असावं लागतं. म्हणून ही तयारी एस.वाय.च्या जूनमध्येच सुरू करा. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

आधी एक प्रश्न शोधा, सायकलच्या अंतरावरचा

"मला संशोधन करायचंय" एवढ्याने काही हलत नाही. प्रश्न हवा, तोही तुम्हाला स्वतःला मोजता येईल एवढा लहान.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी गोदावरी आहेच. सोमेश्वर, रामकुंड आणि तपोवन या तीन ठिकाणी दर रविवारी पाण्याचा नमुना घ्या आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजा. तो मोजण्याच्या विंकलर पद्धतीला लागणारी रसायनं बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत बहुधा मिळतात. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घाटावरच घालायचं, कारण नमुना तसाच कॉलेजपर्यंत नेला तर वाटेत ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. पुढचं टायट्रेशन प्रयोगशाळेत करायचं. प्रत्येक ठिकाणची वेळ दर आठवड्याला तीच ठेवा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे सकाळी सातच्या आणि दुपारी दोनच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं असेल, दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं असेल, त्या रविवारी घाटावर अजिबात उतरू नका. वहीत "पूर, नमुना नाही" असं लिहा. तीही नोंदच आहे.

असे तीस रविवार झाले की तुमच्याजवळ स्वतः गोळा केलेले आकडे असतात. 2027 च्या सिंहस्थाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच हातचे असले तर त्यांचं मोल आणखी वाढतं.

निफाडकडून येणाऱ्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ असते. चार गोण्यांवर खूण करून दर आठवड्याला वजन घ्या. सोबत चाळीतलं तापमान आणि आर्द्रता लिहा. घट नेमकी कधी वाढते ते दिसू लागतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लासलगावचे रोजचे भाव आणि आवक पुरेशी आहे, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पांडवलेण्यांतले ब्राह्मी शिलालेख.

मग एका शिक्षकांना गाठा

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावरच जा. रिकाम्या हाताने "सर, विषय द्या ना" म्हणत जाऊ नका. पंधरा दिवसांतून अर्धा तास मागा. प्रत्येक भेटीला वही न्या आणि बिघडलेले प्रयोगही दाखवा. चुकलेलं वाचन लपवणाऱ्यापेक्षा "हा आकडा का आला ते कळत नाही" म्हणणारा विद्यार्थी शिक्षकांच्या जास्त लक्षात राहतो. पत्रात लिहिण्याजोगं जे असतं, ते इथेच तयार होतं.

त्याच वर्षी 'आविष्कार'मध्ये उतरा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून होते. कॉलेज, विद्यापीठ आणि राज्य अशा तिच्या पायऱ्या आहेत. मानव्यविद्येपासून शेती आणि औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सगळ्या शाखांना तिथे जागा आहे. बक्षीस मिळालं नाही तरी पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा सराव होतो, आणि मुलाखतीत तो फार उपयोगी पडतो.

नेतृत्व म्हणजे पद नव्हे

अर्जात "विद्यार्थी प्रतिनिधी होतो" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. एन.एस.एस.मध्ये दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्या शिबिरात एक काम पूर्णपणे अंगावर घ्या: पन्नास जणांचा शिधा आणि त्याचा हिशेब, किंवा गावातल्या विहिरींची पाहणी. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर घरोघर जाऊन माहिती गोळा करणं, दहा जणांना कामं वाटून देणं, न आलेल्याचं काम दुसऱ्याकडून करून घेणं, नेतृत्व यालाच म्हणतात. रोज रात्री चार ओळी लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तपशील आठवत नाहीत.

बाहेर अर्ज

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात सुमारे दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारणपणे दिवाळीच्या आसपास सुटतात. तुम्हाला काय करायचंय यावर छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. तुमचे रविवारचे आकडे या टिपणात घाला.

प्राध्यापकांना थेट ई-मेलही करता येतो. मी विद्यार्थी असताना एकच मजकूर वीस जणांना पाठवला होता. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे एकाच प्राध्यापकांचा एक शोधनिबंध वाचला, त्यातली न कळलेली गोष्ट विचारली आणि मला काय काय मोजता येतं ते लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं. म्हणून ई-मेल दीडशे शब्दांचाच ठेवा: त्यांचं कोणतं काम वाचलं, तुम्ही काय केलंय, कोणत्या महिन्यांत येऊ शकता. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. छोटी, सरळ वाक्यं चालतात. कुठून तरी उचललेली अलंकारिक वाक्यं मात्र लगेच ओळखू येतात.

पदवीनंतर

आय.आय.टी.मधल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा द्यावी लागते. तिचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि टी.वाय.मध्ये असतानाच ती देता येते. केंद्रीय विद्यापीठांसाठी पदव्युत्तर सी.यू.ई.टी. ही प्रवेश परीक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चार वर्षांची पदवी घेऊन किमान 75 टक्के मिळवले तर थेट पीएच.डी.चा दरवाजाही उघडतो. संशोधनाची गोडी खरोखर लागली असेल तर चौथ्या वर्षाचा विचार जरूर करा, नुसती पदवी पुरेशी असेल तर तिसऱ्या वर्षी बाहेर पडा. घरी पैशांची चिंता असेल तर आईवडिलांना सांगा की नेट परीक्षेतून जे.आर.एफ. ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की पीएच.डी. करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात.

शेवटी ते पत्र. मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मागा. मागताना एका फाइलमध्ये गुणपत्रिका, नोंदवहीच्या चार निवडक पानांची झेरॉक्स, 'आविष्कार'चं पोस्टर, शिबिरातल्या नोंदी आणि अर्जाची शेवटची तारीख द्या. तारीख वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, आणि निकाल काहीही लागला तरी सरांना-मॅडमना येऊन सांगा.