शाळेतला शेक्सपिअर: या चुका टाळा

घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत आयसीएसई बोर्डाची मुलं आता ठाण्यात भरपूर आहेत आणि त्यांच्या नववी-दहावीच्या दप्तरात गेली काही वर्षं 'ज्युलियस सीझर' आहे. मी या मुलांना इंग्रजी शिकवते. नाटक १५९९ च्या सुमाराचं, त्यामुळे भाषा जड जाणारच. पण मराठी घरातल्या मुलांकडे ती उलगडण्याची साधनं आधीपासून असतात. ती वापरली जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली चूक सगळ्यात महागात पडते: आधी गाईडमधला सारांश वाचणं. एकदा गोष्ट कळली की मूल मूळ ओळींवरून नुसती नजर फिरवतं. परीक्षेत मात्र उतारा देऊन त्यावर प्रश्न येतात. सीझरला कोणी मारलं हे माहीत असून तिथे भागत नाही. म्हणून प्रवेश आधी वाचा, अर्धामुर्धा कळला तरी चालेल. मग वर्गात समजून घ्या आणि गाईड उजळणीला ठेवा.

दुसरी चूक मनातल्या मनात वाचण्याची. हे बोलण्यासाठी लिहिलेलं आहे. पद्याच्या ओळीत साधारण दहा उच्चार असतात, हलका-जड, हलका-जड असे पाच वेळा. 'मनाचे श्लोक' पाठ असलेल्या मुलाला भुजंगप्रयाताची चाल कानाने कळते, तसंच हेही कळतं. फरक इतकाच की मराठीत लघु-गुरू मोजतो, इथे आघात मोजायचा. सीझरचा मित्र अँटनी, त्याच्या भाषणातली ही ओळ मोठ्याने म्हणून बघा: 'द गुड इज ऑफ्ट इंटर्ड विथ देअर बोन्स'. नऊच उच्चार भरतात, कुठेतरी अडखळल्यासारखं होतं. मधला 'इंटर्ड' (पुरलेलं) हा शब्द 'इन-टर-रेड' असा तीन तुकड्यांत म्हटला की ओळ भरते. काही पुस्तकांत त्या शब्दावर छोटी खूण असते ती याचसाठी, आणि मुलं ती छपाईची चूक समजून सोडून देतात.

वाक्य उलटं दिसलं की मुलं घाबरतात. ज्यांना संस्कृत आहे ती सुभाषितांचा अन्वय लावतातच की! तेच इथे करायचं. 'अँड ग्रीव्हसली हॅथ सीझर आन्सर्ड इट' या ओळीत आधी कर्ता शोधा: सीझर. मग क्रियापद: हॅथ आन्सर्ड. ग्रीव्हसली, म्हणजे फार जबर, शेवटी न्या. झालं सरळ वाक्य. 'आन्सर्ड' म्हणजे इथे उत्तर दिलं नव्हे, त्याची किंमत मोजली.

असे ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. अनोळखी शब्दाची टीप मूल बघतं, ओळखीच्याची बघत नाही. सीझरला मारणाऱ्यांपैकी एक ब्रूटस, तो भाषणाच्या सुरुवातीला रोमन लोकांना 'लव्हर्स' म्हणतो तेव्हा वर्गात हशा पिकतो. त्याचा अर्थ तिथे मित्र, एवढाच.

आता तू आणि तुम्ही, म्हणजे शेक्सपिअरचे 'दाऊ' आणि 'यू'. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागतं, आपल्या मुलांना ते उपजत कळतं. पहिल्याच प्रवेशात अधिकारी चांभाराला 'दाऊ नॉटी नेव्ह' म्हणून झापतात, म्हणजे सरळ अरेतुरे. चांभार मात्र 'सर' आणि 'यू' सोडत नाही, आणि 'सोल' म्हणजे बुटाचा तळवा आणि तसाच उच्चार असलेला 'सोल' म्हणजे आत्मा, यांच्यावर सुरेख श्लेष करत त्यांची फिरकी घेतो. इथला 'नॉटी' खोडकर नाही, नालायक आहे, आणि 'नेव्ह' म्हणजे हलकट. चौथ्या अंकात ब्रूटसचा छोटा नोकर ल्यूशियस वाद्य वाजवता वाजवता झोपतो. ब्रूटस त्याला म्हणतो, 'जेंटल नेव्ह, गुड नाइट', आणि पुढेही 'दी' म्हणजे तुला, असंच बोलतो. 'नेव्ह' हा शब्द तोच, सर्वनामही एकेरी, पण हा तू आई बाळाला म्हणते तो. 'दाऊ म्हणजे जुनं यू' एवढंच वहीत लिहून घेतलं तर हे सगळं हातून जातं.

पानाकडे बघायलाही मुलं विसरतात. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघडा. ब्रूटसचं भाषण समासापर्यंत भरलेलं आहे, ते गद्य आहे. अँटनीच्या ओळी आखूड आहेत, ते पद्य. ब्रूटस नेमके, तोललेले मुद्दे मांडतो आणि लोकांना पटतातही. अँटनी त्याच लोकांना रडवतो, आणि त्यांच्या हातून शहर पेटतं. दोन भाषणं लागोपाठ मोठ्याने वाचली की हा फरक अंगावर येतो, कुठल्याच गाईडमधून येत नाही.

अँटनीच्या या भाषणावरच्या उत्तरात 'अँटनी ब्रूटसची स्तुती करतो' हे वाक्य दरवर्षी भेटतं. ब्रूटसला 'ऑनरेबल', म्हणजे सन्माननीय, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो हे खरं. पण प्रत्येक वेळी त्याच्या आगेमागे काय आहे ते बघा: सीझरने खजिना भरला, गरिबांसाठी डोळ्यांत पाणी आणलं, मुकुट नाकारला. त्यामुळे शब्द हळूहळू उलटत जातो. उत्तरात हा प्रवास दाखवा. पाठ केलेलं स्वभावचित्र तिथे उतरवू नका, प्रश्न त्या ओळींवर असतो.

पालकांची एक सवयही मोडायला हवी: 'घरी मराठी नको, इंग्रजी बिघडेल.' आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं, विंदांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. शेक्सपिअर मराठीतून समजून घेण्याची आपली परंपरा दीडशे वर्षांच्या घरातली आहे. मुलाने अँटनीचं भाषण आजीला मराठीत सांगितलं तर त्याला ते कळलंय की नाही हे दोन मिनिटांत समजतं. जिथे तो 'म्हणजे... असंच काहीतरी' म्हणून पुढे सरकेल, त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा आणि तीच शिक्षकांना विचारायला लावा.