गोड्या पाण्यात उतरण्याआधीची तयारी

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवराच्या काठी जाणार असाल, तर कोणते मलम घ्यावे याआधी पाण्यात उतरणे टाळता येईल का, हे ठरवावे. कारण शिस्टोसोमियासिस हा परजीवी कृमींमुळे जडणारा रोग मुख्यतः पाणी अंगाला लागल्याने होतो. गोगलगायींतून बाहेर पडलेल्या, टोकाशी दुभंगलेल्या शेपटीच्या, या कृमींच्या सूक्ष्म अळ्या काही मिनिटांत कातडीत शिरतात आणि शेपटी बाहेरच टाकून देतात. बऱ्याचदा त्या वेळी काहीच जाणवत नाही.

उतरणे अटळ असेल, तर प्रथम रबरी बूट आणि कमरेपर्यंतचे जलरोधक कपडे सामानात घ्यावेत, कारण अळीला कातडीच न मिळणे हा कोणत्याही लेपापेक्षा खात्रीचा उपाय आहे. त्यानंतर डासांसाठी वापरले जाणारे डीटयुक्त लोशन घ्यावे. ते या अळ्यांनाही अडवू शकते, मात्र साधे लोशन पाण्यात लवकर निघून जाते. डीट लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, बंदिस्त केल्यास परिणाम अधिक टिकतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. पण उंदराची कातडी म्हणजे दिवसभर जाळे ओढणाऱ्या माणसाची कातडी नव्हे, तेव्हा लेपावर भिस्त ठेवू नये. लोशन आदल्या दिवशी हाताच्या थोड्या भागावर लावून पाहावे. उन्हापासून बचाव करणारे क्रीम आधी आणि हे लोशन नंतर लावावे. बोटांच्या बेचक्या, घोटे आणि गुडघ्यांमागची खोबण हमखास राहून जातात, तिथे हात फिरवूनच निघावे; जखमेवर किंवा डोळ्यांजवळ मात्र ते लावू नये.

जाडसर कोरडा पंचा हाताशी असावा आणि अचानक भिजल्यास अंग लगेच खसखसून पुसावे. याचा थोडाफार उपयोग होतो, पण हमी नाही. आंघोळीचे पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, किंवा गोगलगायी नसलेल्या टाकीत किमान दोन दिवस साठवून मगच वापरावे, कारण गोगलगायीबाहेर या अळ्या साधारण ४८ तासांपलीकडे जगत नाहीत.

या रोगावर दिल्या जाणाऱ्या प्राझिक्वांटेलच्या गोळ्या प्रतिबंध म्हणून आधीच घेण्यात अर्थ नाही, कारण हे औषध कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही. त्याऐवजी पाण्याशी शेवटचा संपर्क आला ती तारीख वहीत लिहावी. तिथून सहा ते आठ आठवड्यांनी, त्रास नसला तरी, डॉक्टरांना ती तारीख दाखवून रक्त, लघवी व शौचाची तपासणी करून घ्यावी. त्याआधीच ताप, खोकला किंवा अंगावर पित्त उठले, तर तेवढे दिवस थांबू नये.