मेट्रिक वाचायचा कसा: अवकाशकालातलं अंतराल हाताने काढताना

मेट्रिकचं समीकरण समोर आलं की आधी एक गोष्ट तपासायची: यातले निर्देशक खरोखर अंतरं आहेत का? बहुतेक वेळा नसतात. निर्देशक म्हणजे घटनांना चिकटवलेले आकडे. त्या आकड्यांच्या फरकातून मोजपट्टीवरचं अंतर किंवा घड्याळातला वेळ काढून देण्याचं काम मेट्रिकचं.

पृथ्वीचा नकाशा घ्या. रेखांश १ अंशाने बदलला, तर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर अंतर पडतं आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मं. अंश तोच, अंतर वेगळं, कारण मध्ये अक्षांशाच्या कोसाइनचा गुणक बसलेला असतो. त्या गुणकाचा आणि पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग करून गुणाकार केला की गोलाच्या मेट्रिकचा एक घटक मिळतो. सापेक्षतेतही हेच चालतं, फक्त एक निर्देशक काळाचा असतो आणि त्याचं चिन्ह उलटं असतं.

सपाट, म्हणजे गुरुत्वाकर्षण नसलेल्या अवकाशकालापासून सुरुवात करा. अंतराल म्हणजे दोन घटनांमधलं काळ आणि अवकाश मिळून येणारं अंतर. मिंकोव्हस्कीने १९०८ मध्ये मांडलेल्या रूपात नियम असा: अंतरालाचा वर्ग = −(प्रकाशवेग × कालांतर)² + (स्थानांतर)². काळ सेकंदांत आणि अंतर प्रकाश-सेकंदांत घेतलं की प्रकाशवेग १ होतो आणि आकडेमोड सुटसुटीत राहते. एक प्रकाश-सेकंद म्हणजे २,९९,७९२.४५८ किलोमीटर. समजा, दोन घटनांमध्ये ५ सेकंद आणि ३ प्रकाश-सेकंदांचं अंतर आहे. मग −२५ + ९ = −१६. उत्तर उणे आलं म्हणजे अंतराल कालसदृश आहे. इथे उणे संख्येचं वर्गमूळ काढत बसू नका. चिन्ह बदलून वर्गमूळ घ्या. ४ सेकंद. एकसमान गतीने जाणारं जे घड्याळ दोन्ही घटनांना हजर असेल, त्यावर एवढाच वेळ सरतो. पडताळा हवा असेल तर प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाची मापं काढा: स्थानांतर ०, कालांतर ४, वर्ग पुन्हा −१६. उत्तर शून्य आलं तर दोन घटना प्रकाशकिरणाने जोडता येतात. अधिक आलं तर अंतराल अवकाशसदृश, म्हणजे एका घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोहोचूच शकत नाही.

सगळ्यांत जास्त चुका चिन्हांत होतात. काही पुस्तकं काळाला उणे देतात, काही काळाला अधिक आणि अवकाशाला उणे. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्यातला मेट्रिक एकत्र केला की घोळ झालाच. दुसरी चूक मिश्र पदांची. मेट्रिक ही ४ × ४ सममित मांडणी. १६ घरं, पण स्वतंत्र घटक १०. फिरत्या कृष्णविवराच्या मेट्रिकमध्ये काळ आणि कोन यांच्या फरकांचा गुणाकार असलेलं पद येतं. ते दोन घरांतून मिळून येतं, म्हणून सूत्रातल्या सहगुणकाचं अर्धंच एका घरात लिहायचं.

व्यापक सापेक्षतेत आणखी एक बंधन: मेट्रिकचे घटक जागोजागी बदलतात, त्यामुळे नियम अगदी लहान फरकांनाच लागू पडतो. दूरच्या घटनांसाठी मार्ग ठरवा, त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचं वर्गमूळ काढा आणि मग बेरीज करा. आधी वर्गांची बेरीज करून शेवटी एकच वर्गमूळ घेतलं तर उत्तर चुकतं.

आता श्वार्झशिल्डचा १९१६ चा मेट्रिक. गोल, न फिरणाऱ्या वस्तुमानाबाहेर काळाच्या पदाला (१ − श्वार्झशिल्ड त्रिज्या ÷ र) हा गुणक लागतो आणि त्रिज्येच्या पदाला त्याचा व्यस्त. ही श्वार्झशिल्ड त्रिज्या, म्हणजे वस्तुमानावरून ठरणारी एक लांबी, सूर्यासाठी सुमारे २.९५ किलोमीटर, पृथ्वीसाठी सुमारे ८.८७ मिलिमीटर. इथला 'र' म्हणजे केंद्रापासूनचं अंतर नव्हे. वर्तुळाचा परीघ मोजून २π ने भागल्यावर येणारा आकडा. कृष्णविवराबाहेर 'र' श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या १ पटीपासून २ पटीपर्यंत गेला, तर मोजपट्टीवरचं अंतर त्या त्रिज्येच्या १ पट नाही, सुमारे २.३ पट भरतं.

हेच सूत्र जीपीएसच्या उपग्रहांना लावून पाहा. हातचं गणित आहे. वर्तुळाकार कक्षेत 'र' बदलत नाही, म्हणून त्रिज्येचं पद गळून पडतं. फरक इतके सूक्ष्म असतात की वर्गमूळाऐवजी निम्मं घेतलं तरी चालतं. जमिनीवर 'र' ६,३७१ किलोमीटर: फार दूरच्या घड्याळाच्या तुलनेत इथलं घड्याळ दर अब्ज सेकंदांमागे ०.६९६ सेकंद मागे पडतं. उपग्रहाच्या कक्षेत 'र' सुमारे २६,५६० किलोमीटर: ०.१६७ सेकंद. फरक ०.५२९. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना हे लावलं की उपग्रहाचं घड्याळ ४५.७ मायक्रोसेकंद पुढे. पण उपग्रह सेकंदाला सुमारे ३.८७ किलोमीटर वेगाने जातो. कोनाच्या पदातून येणारी ही घट दिवसाला ७.२ मायक्रोसेकंद. उरले सुमारे ३८. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याचा वाटा साधारण ०.१ मायक्रोसेकंद, इथे सोडून द्या. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त जातो, म्हणूनच ही घड्याळं आधीपासून दुरुस्त करून ठेवावी लागतात.

'र' श्वार्झशिल्ड त्रिज्येएवढा झाला की एक घटक शून्य आणि दुसरा अनंत होतो. तिथे अवकाशकाल फाटला, असं लगेच समजू नका. वर ते २.३ पट अंतर मर्यादित आलं, हीच पहिली खूण. खात्री करायची तर वक्रतेची अशी राशी काढा, जी निर्देशक बदलले तरी बदलत नाही; या मेट्रिकसाठी ती १२ × (श्वार्झशिल्ड त्रिज्या)² ÷ र⁶ येते. क्षितिजावर, म्हणजे 'र' श्वार्झशिल्ड त्रिज्येएवढा असतो तिथे, तिची किंमत मर्यादित असते, 'र' शून्याकडे गेला तरच ती बेसुमार वाढते. उलट बाजूही ध्यानात ठेवा: साध्या सपाट कागदावर ध्रुवीय निर्देशक घेतले तरी मेट्रिकचा घटक जागेनुसार बदलतो, आणि वक्रता मात्र सगळीकडे शून्यच निघते.