ड्रोन बहुतेकदा सॅकमध्येच मोडतो: या चुका टाळा

मित्राने ड्रोन माझ्या टेबलावर ठेवला आणि पहिलं वाक्य टाकलं, "एकदाही आपटलेला नाही हं." खोटं बोलत नव्हता. पाती कोरी होती, पोटाला ओरखडासुद्धा नव्हता. पण चालू केला की कॅमेरा मान टाकायचा आणि स्क्रीनवर 'गिम्बल मोटर ओव्हरलोड' झळकायचं. खोदून विचारल्यावर कळलं, गिम्बलचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचं, प्लास्टिकचं झाकण दुसऱ्या ट्रेकलाच हरवलं होतं. तेव्हापासून स्वारी सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा यांच्या मधे कोंबून गड हिंडत होती.

ओळखीची मंडळी मोडकी यंत्रं माझ्याकडे आणतात, कारण माझ्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर आहेत आणि मी पैसे घेत नाही. हवेतल्या अपघाताची गोष्ट प्रत्येक जण रंगवून सांगतो. पण जरा मागे गेलं की तिचं मूळ सॅकमध्ये, उन्हात तापलेल्या गाडीत नाहीतर चार महिने न उघडलेल्या कपाटात सापडतं. त्यात ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी सवलत आहे, सुटे भागही आणता येतात. पण छंदासाठी 'मोडला तर दुसरा मागवू' म्हणणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही.

झाकण न लावणं आणि झाकणासकट चालू करणं

गिम्बलच्या मोटरी नखाएवढ्या, वायर कागदासारख्या पातळ पट्टीची, आणि सगळा डोलारा तीन-चार रबरी गुंड्यांवर लटकलेला. झाकण नसेल तर प्रवासात कॅमेरा दिवसभर लोंबकळतो आणि प्रत्येक हिसका त्या पट्टीला आणि गुंड्यांना बसतो.

उलटी चूकही तितकीच होते. सूर्योदय निसटायला नको म्हणून घाईत झाकणासकटच ड्रोन चालू केला जातो. चालू होताक्षणी गिम्बल स्वतःला तपासायला सगळीकडे मान फिरवतो. वाट अडलेली असली की मोटर जोर लावत राहते आणि तापते. उंच गवतात ठेवून चालू केला तरी तेच. म्हणून आधी सपाट जागा, मग झाकण काढायचं आणि त्यानंतरच बटण.

ओव्हरलोडचा इशारा आलाच तर लगेच बंद करा. मोटरींच्या फटीत खडा, गवताची काडी अडकली आहे का पाहा. मग रबरी गुंड्या मोजा. मित्राच्या ड्रोनची एक गुंडी भोकातून निसटली होती. चिमट्याने ती परत बसवली, सपाट टेबलावर ठेवून अॅपमधून गिम्बल कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याला सरळ पातळी पुन्हा शिकवली, आणि कॅमेऱ्याने मान वर केली. क्षितिज तिरकं दिसत असेल तर बहुतेक वेळा कॅलिब्रेशनने भागतं. चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर गिम्बल उघडण्याआधी पाती तपासा. चित्रच येत नसेल तर पट्टी ओढून बघण्याचा मोह आवरा आणि जाणकाराकडे द्या.

झाकण हरवलं असेल तर कडक डबा शोधा आणि आत फोम कापून बसवा. चिवड्याचा डबा ड्रोनला द्या, चिवडा पिशवीतून न्या.

रिमोट: ज्याच्याकडे कुणी बघत नाही

ड्रोनसाठी हजाराची बॅग घेणारा माणूस रिमोट खुशाल सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकतो. ड्रोन चालवायच्या काड्या तशाच वर आलेल्या, आणि त्यावर कुणाची तरी पाठ टेकलेली. बऱ्याच रिमोटच्या काड्या फिरवून काढता येतात आणि रिमोटमध्येच त्या ठेवायला खाचा असतात. खाचा आहेत हे वर्षभर वापरूनही माहीत नसलेले लोक मला भेटले आहेत. परत लावताना बोटांनी आवळा. पक्कड लावली की आटे गेलेच.

दबलेल्या काडीचं दुखणं लवकर ध्यानात येत नाही. ड्रोन हात न लावता हळूहळू एका बाजूला सरकतो आणि आपण वाऱ्याला दोष देतो. शंका आली तर ड्रोन बंद ठेवून रिमोटच्या कॅलिब्रेशनच्या पानावर जा. काडी सोडल्यावर खूण बरोबर मध्यावर येते का बघा. येत नसेल तर काडीच्या बुडाशी ब्लोअरने हवा मारा आणि कॅलिब्रेट करा. घरातला गंज काढायचा स्प्रे मारू नका. त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते आणि पुढच्या महिन्यात काडी आणखी अडखळते. खूण बरोबर मध्यावर येत असेल, तर मात्र दोष खरंच वाऱ्याचा किंवा कमजोर जीपीएसचा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे मोबाइलला जोडणारी आखूड केबल. ती जोडलेली ठेवूनच रिमोट बॅगेत गेला की पिन वाकते आणि उड्डाणाच्या मध्येच चित्र गायब होतं. अशा वेळी माणूस घाबरून मोबाइलशी झटापट करतो, आणि तेवढ्यात ड्रोन झाडात जातो. मोबाइल हा फक्त पडदा आहे. ड्रोनशी रेडिओने बोलतो तो रिमोट, आणि चित्र गेलं तरी तो बोलतच असतो. काड्या सोडा. जीपीएस पकडलेला असेल तर ड्रोन जागेवर थांबेल. मग रिमोटवरचं घरी, म्हणजे उडाला त्या जागी, परतण्याचं (रिटर्न टू होम) बटण दाबून धरा. एक जादा केबल सॅकमध्ये ठेवा.

अँटेनाचं टोक ड्रोनवर रोखणं ही तर जवळपास सार्वत्रिक सवय. सिग्नल टोकाकडे सर्वांत क्षीण असतो, म्हणून अँटेनाची पसरट बाजू ड्रोनकडे हवी. चालू करताना आधी रिमोट आणि मग ड्रोन, बंद करताना याच्या उलट. एप्रिल-मे महिन्यात, त्यातही विदर्भात, डॅशबोर्डवर ठेवलेला रिमोट आणि सीटवरच्या बॅटऱ्या भट्टीत ठेवल्यासारख्याच समजा. मोबाइलही तापला की आधी पडदा मंद करतो, मग अॅप अडखळतं. त्याचं जाड कव्हर काढा आणि सावलीत उभं राहून उडवा.

बॅटरी भरून कपाटात ठेवणं

रविवारी जायचं म्हणून शनिवारी तिन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरल्या, पाऊस आला, बेत बारगळला आणि बॅटऱ्या दिवाळीपर्यंत तशाच पडून राहिल्या. हे आपल्याकडे दरवर्षी होतं. लिथियमच्या एका सेलचा व्होल्टेज सरासरी ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास जातो. त्या टोकावर महिनोन्महिने राहिलेला सेल फुगतो. पार रिकामा ठेवला तर इतका खाली उतरतो की चार्जर त्याला ओळख देत नाही. साठवायचं असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा. काही बॅटऱ्या थोड्या दिवसांनी आपण होऊन खाली उतरतात, पण तरी तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून बघा. रिमोटच्या आतल्या बॅटरीलाही हेच लागू आहे, आणि तिची आठवण कुणालाच होत नाही.

फुगली आहे का, हे काचेवर ठेवून कळतं. डुगडुगली तर ती उडवायची नाही. ड्रोनमध्ये ढकलल्यावर 'टक' आवाज आलाच पाहिजे. अर्धवट बसलेली बॅटरी हवेत सुटली तर पुढचं सांगायला नको. उतरल्या उतरल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या केबिनच्या सामानात न्यायच्या. मर्यादा प्रत्येकी १०० वॉट-अवर आहे, आणि छोट्या ड्रोनची बॅटरी वीसच्याही आत असते.

कोकणातली काळी वाळू

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सुट्टी म्हटली की आपली पावलं कोकणाकडेच वळतात. अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत अनेक किनाऱ्यांवरच्या वाळूला काळपट झाक आहे. त्या काळेपणात लोहखनिजं आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं इल्मेनाइट तर प्रसिद्ध आहे. शाळेत चुंबक वाळूतून फिरवला की त्याला काळी दाढी फुटायची, आठवतं? ड्रोनच्या मोटरीत तसेच चुंबक गोलाकार बसवलेले असतात. ड्रोन थेट वाळूवरून उडवला की पात्यांचा झोत वाळू उधळतो आणि काळे कण मोटरीत जाऊन बसतात. साधी वाळू फुंकरीने निघते, ही चिकटून राहते.

उडण्यापूर्वी प्रत्येक मोटर बोटाने सावकाश फिरवा. एखादी जात्यासारखी करकरली, तर त्या दिवशी उडवू नका. आधी ब्लोअर वापरा. मग चिकटपट्टीची बारीक गुंडाळी फटीत फिरवून कण उचला. तेल सोडू नका, तेलात वाळू कालवली की पॉलिश पेपर तयार होतो. इतका खटाटोप टाळायचा असेल तर गाडीतलं पायपुसणं किंवा सतरंजी पसरून तिच्यावरून उडवा आणि तिच्यावरच उतरवा. खारा वारा वेगळाच त्रास देतो. संध्याकाळी घरी आल्यावर किंचित ओलसर कापडाने अंग पुसून, मग कोरडं करून ठेवा.

पाती

कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर पातं बदला, 'एवढंसंच तर आहे' म्हणू नका. छोट्या ड्रोनमध्ये एका मोटरीवरची दोन्ही पाती एकदम बदलायची आणि पाकिटातले नवे स्क्रू वापरायचे. पाती दोन प्रकारची असतात, खूण असलेली आणि नसलेली. अदलाबदल झाली की ड्रोन उडण्याऐवजी जागच्या जागी कोलांटी खातो. बदलल्यावर पहिल्याच प्रयत्नात उलटला, तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

घाटमाथ्याचा वारा आणि 'घरी' परतण्याची उंची

पावसाळ्यात नाणेघाटातला धबधबा वर उडताना पाहिला असेल. पाणी उलटं फेकणाऱ्या वाऱ्यात पाव किलोचा ड्रोन सोडायचा का, हे तेव्हाच ठरवा. या गटातले ड्रोन साधारण १०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३८ किलोमीटर वाऱ्यापर्यंत तग धरतील असं कंपन्या सांगतात. पायाशी झुळूक असते तेव्हा कड्याच्या पलीकडे तेवढा वारा सहज असू शकतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना तो ढकलत आणेल. बहुतेक जण उलटं करतात आणि परतताना वीस टक्के बॅटरीत घाम फुटतो.

रिटर्न टू होमची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, डोंगराच्या माथ्यापासून नाही. पाचाडमधून उडवून रायगडाच्या कड्याआड ड्रोन नेला आणि सिग्नल तुटला, तर तो ठरवून दिलेल्या उंचीवर चढेल आणि सरळ रेषेत घराकडे निघेल. वाटेत कडा आहे याची, समोर सेन्सर नसेल तर, त्याला कल्पनाही नसते. (रायगड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे परवानगीशिवाय उडवलात तर ड्रोन वेगळ्याच मार्गाने हातचा जाईल. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागातही, मर्यादा ४०० फूट, आणि नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर बघून घ्यायचा.) कड्याआड न जाणं, हाच उपाय.

होम पॉइंट (परतण्याची जागा) नोंदला गेल्याचा निरोप येईपर्यंत थांबा. गच्चीवरून उडवताना कंपासचा इशारा येतो तो स्लॅबमधल्या सळ्यांमुळे. तिथेच कॅलिब्रेट करत बसू नका, जागा बदला. गाडीच्या बॉनेटवरूनही उडवू नका.

बाकी धोके थोडक्यात. विजेच्या तारा सेन्सरला दिसत नाहीत. घार घिरट्या घालायला लागली की ड्रोन खाली आणा. संक्रांतीच्या आसपास मांजाच्या आकाशात उडवू नका. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, त्याच्या जवळ गेलात तर किंमत ड्रोन देणार नाही, तुमच्याबरोबरचे लोक देतील.

भिजला तर

धुकं म्हणजेही पाणीच. आपल्या नेहमीच्या ड्रोनना जलरोधक दर्जा नसतो. पावसाळ्यात ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरा, नाहीतर श्रावण संपेपर्यंत लेन्सवर बुरशीची जाळी दिसेल. एसी गाडीतून दमट हवेत काढल्यावर लेन्सवर वाफ धरते. पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या.

पाण्यात पडलाच तर चालू होतो का हे बघू नका. बहुतेक ड्रोन पाण्याने मरत नाहीत, त्या एका बटणाने मरतात. पहिल्यांदा बॅटरी काढा आणि ती घराबाहेर, जळण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवा. समुद्राचं पाणी असेल तर ड्रोन डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कारण सुकलेलं मीठ बोर्ड खात राहतं. मेमरी कार्ड काढून वेगळं सुकवा. मग पंख्याखाली दोन-तीन दिवस. तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, त्याचा भुसा मात्र मोटरीत जातो आणि आईची बोलणी वेगळी. सुकल्यावर शक्य असेल तर उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि पहिली चाचणी पाती काढून, नव्या बॅटरीवर करा. भिजलेली बॅटरी कोरडी दिसली तरी परत लावायची नाही, ती ई-कचऱ्यात द्यायची.