सभासदांच्या यादीत जिल्हा एकदम बदलायचाय? जरा थांबा

मेंबरशिप डेटाबेसवर नवीन लागलात की हे काम लवकरच तुमच्या गळ्यात पडतं. सर जाताजाता सांगतात, "ते औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करून टाक सगळीकडे, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं नाहीये. सांगणाऱ्याने ते स्वतः कधी केलेलं नसतं एवढंच.

कंट्रोल एच, म्हणजे शोधून सगळीकडे बदला, मारू नका, निदान अख्ख्या शीटवर तरी नकोच. अहमदनगरचं अहिल्यानगर करायला जाल आणि नोकरीच्या रकान्यातलं 'अहमदनगर कॉलेज' पण बदलून बसेल, आता कॉलेजचं नाव काय असावं हे ठरवणारे आपण कोण? इंग्रजी स्पेलिंगवर मारलंत तर ज्यांच्या ईमेल आयडीत गावाचं नाव आहे त्यांचे ईमेल गेलेच, आणि ते कळणार कधी तर वार्षिक सभेची नोटीस परत आल्यावर. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, तिकडचा एखादा सभासद असला तर त्याला उगाच मराठवाड्यात आणून ठेवाल. आणि 2015 च्या पावतीवर जे छापलंय ते तसंच राहू द्यायचं, पावती म्हणजे त्या दिवशीची नोंद.

तरी हे सोपं प्रकरण आहे, कारण नाव बदललं तरी जुन्या एका नावाला नवं एकच नाव असतं. खरा घोळ जिल्हा फुटला की होतो. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आणि जुन्या याद्यांमध्ये अजूनही डहाणू, जव्हारचे लोक 'जि. ठाणे' म्हणून पडलेले सापडतात. इथे ठाणे काढून पालघर टाका म्हणता येत नाही, कारण निम्मे लोक खरंच ठाण्याचे आहेत. मग कोणीतरी हुशार सिनियर शॉर्टकट देतो, पिनकोड 401 ने सुरू होतो ते सगळे पालघर. मला सगळ्यात जास्त छळलं ते या एका वाक्याने, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

वसई 401201, विरार 401303, पालघर 401404, डहाणू 401601. बघून वाटतं की नियम बरोबर आहे. पण भाईंदर पश्चिम 401101 आणि मीरा रोड 401107, हे दोन्ही ठाणे जिल्ह्यातच आहेत, म्हणजे 401 वर अपडेट मारलं की मीरा-भाईंदरची अख्खी सभासद मंडळी पालघरात. आणि उलट्या बाजूने वाडा तालुका बघा, तो पालघरमध्ये गेला पण वाड्याचा पिन 421303, कल्याण-भिवंडीसारखा 421 वाला, त्यामुळे वाडेकर ठाण्यातच राहिले. एकाच नियमाने काही जास्तीचे ओढले आणि काही सोडले, आणि गंमत अशी की एकूण आकडा साधारण अपेक्षेएवढाच दिसू शकतो, म्हणून 'एवढे रो अपडेट झाले' हा मेसेज बघून खूश होण्यात काही अर्थ नाही. पिनकोड पोस्टाच्या सोयीने पडलेत, जिल्हा महसूल खात्याचा, दोघांची हद्द जुळलीच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

मग करायचं काय, तर तालुका धरायचा. पालघरचे आठ तालुके: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. तालुक्याचा रकाना नसेल तर पूर्ण सहा आकडी पिन आणि गाव असं दोन्ही बघून कुठलं गाव कुठल्या जिल्ह्यात अशी एक छोटी जोडयादी बनवा आणि तिच्यावरून अपडेट करा. पण त्याआधी जिल्ह्याच्या रकान्यावर ग्रुप बाय (सारख्या नोंदींचे गट करणारा हुकूम) लावून काय काय लिहिलंय ते मोजा, 'ठाणे', 'ठाणा', 'जि.ठाणे', रिकामे, सगळं निघेल. रिकामे तर हमखास सुटतात, कारण 'ठाणे नसलेले' असं विचारलं की नल, म्हणजे काहीच न भरलेले, रो येतच नाहीत. जे ठरत नाहीत ते बाजूला काढून ठेवा, फोन करून विचारा. त्यात लाज कसली, चार नोंदी महिनाभर अर्धवट राहिल्या म्हणून कोणाची मेंबरशिप जात नाही.

अपडेटची क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) एआयकडून लिहून घ्या खुशाल, पण व्हेअर, म्हणजे कुठले रो बदलायचे ती अट, तुमचाच हवा, आणि तोच व्हेअर आधी सिलेक्टला, म्हणजे नुसतं दाखवणाऱ्या हुकमाला, लावून रो डोळ्यांनी बघायचे. ट्रान्झॅक्शन (पक्का करेपर्यंत मागे घेता येणारा बदल) सुरू करून अपडेट, तपासणी, मग कमिट, म्हणजे पक्कं. फक्त टेबल मायआयसॅम, म्हणजे ट्रान्झॅक्शन न मानणाऱ्या प्रकारचं नाही ना ते बघा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 5.5 आवृत्तीपासून ट्रान्झॅक्शन मानणारं इनोडीबी डीफॉल्ट आहे, पण सभासदांची सॉफ्टवेअरं त्याच्या आधीची असतात, आणि मायआयसॅमवर रोलबॅक (बदल मागे घ्या) मारलं तर नुसती वॉर्निंग येते, डेटा परत येत नाही. बॅकअप घेतलेला असेल तर हात थरथरायचं कारण नाही.

आणि खरं शिकायचं असेल तर ऑफिसात टपाल बघणाऱ्या माणसाशेजारी बसा, डेटाबेसवाल्या सरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. परत आलेली पाकिटं त्यांच्याच टेबलावर पडतात, कुठलं गाव कुठल्या तालुक्यात ते तोंडपाठ असतं. माझ्या जोडयादीतली निम्मी गावं त्यांनीच सांगितलेली.

शेवटचं, जिल्हा प्रत्येक नोंदीत टाइप केलेला असेल तर तो एकदाच वेगळ्या टेबलात काढून आयडीने जोडा, म्हणजे पुढचं नामांतर एका रोमध्ये उरकेल. जिल्हा फुटला तर मात्र पुन्हा तालुके घेऊन बसायचंय, म्हणून जुनी किंमत, नवी किंमत आणि बदलाची तारीख असा एक लॉग ठेवा.