जिममध्ये संध्याकाळच्या गर्दीत कसं वागावं

संध्याकाळी सहानंतर शहरातली बहुतेक जिम भरलेली असतात. बेंच दोन किंवा तीन, स्क्वॉट रॅक (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा काढायची चौकट) एकच, आणि ऑफिस सुटल्यावर धावत आलेल्या प्रत्येकाकडे तासभराचाच वेळ. आपण आपल्या सवयी थोड्या बदलल्या तर सगळ्यांचा व्यायाम त्या तासात बसतो, हे मी मनापासून मानतो.

1. घरून निघताना

जिमचे बूट वेगळे ठेवा आणि पिशवीतून न्या. पावसाळ्यात चिखलाचे बूट थेट आत नेले की मॅटवर झोपून पोटाचे व्यायाम करणाऱ्याच्या पाठीला तो चिखल लागतो. धुतलेला टी-शर्ट आणि मोठा नॅपकिन हवाच. बंद एसी हॉलमध्ये उग्र परफ्यूमही घामाइतकाच छळतो, तो टाळा. सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या.

2. बेंच रिकामा दिसला तरी विचारा

शेजारी बाटली किंवा नॅपकिन दिसला तर कोणीतरी पाणी प्यायला गेलेलं असतं. कोणी बसलेलं असेल तर सरळ विचारा, "दादा, किती सेट राहिलेत? मध्ये मी मारू का?" जड सेटनंतर, म्हणजे न थांबता मारलेल्या एका फेरीनंतर, दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते. तेवढ्यात दुसऱ्याचा सेट आरामात होतो. मात्र नंतर आलेल्यानेच प्लेटा (रॉडच्या टोकांना लावायची वजनाची चाकं) बदलायच्या आणि पहिल्याचं वजन परत लावून द्यायचं. दोघांच्या वजनात फारच फरक असेल तर वाट बघणं बरं, नाहीतर अर्धा वेळ प्लेटा चढवण्यात जातो. आणि बेंचवर बसून मोबाइल बघायचा असेल तर उठून बाजूला बसा. उभं राहून वाट बघणाऱ्याला नेमकं हेच सगळ्यात जास्त खटकतं.

3. रॉड मोकळा करा

याच बाबतीत सगळ्यात जास्त हयगय होते, म्हणून थोडं सविस्तर. मोठा रॉड रिकामाच 20 किलोचा असतो. त्यावर लावलेल्या प्लेटा तशाच सोडून गेलात, तर पुढे येणारी व्यक्ती कदाचित पहिल्याच आठवड्यात असेल, कदाचित पाठ दुखत असलेले साठीचे काका असतील. लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर) 20 किलोच्या आठ प्लेटा राहिल्या, तर स्वतःच्या व्यायामाआधी त्यांना 160 किलो उतरवावे लागतात.

उतरवताना दोन्ही बाजूंची एक-एक प्लेट आळीपाळीने काढा. एका बाजूला 20 च्या तीन प्लेटा आणि दुसरी बाजू रिकामी असली, की रॉड रॅकवरून उलटतो आणि रिकामं टोक जोरात वर उडतं. शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर ते बसू शकतं. प्लेटा आकारानुसार स्टँडला लावा. सव्वा किलोची प्लेट वीसच्या मागे गेली की कोणालाच सापडत नाही.

डंबेलचंही तेच, ज्या आकड्यावरून उचलले त्याच आकड्यावर ठेवायचे. उचलल्यावर दोन पावलं मागे या. स्टँडला चिकटून बायसेप्स मारत राहिलात तर बाकीच्यांचा रस्ता अडतो. सेट संपला म्हणून ते आपटूही नका. बऱ्याच जिम पहिल्या मजल्यावर असतात आणि खाली कोणाचं तरी दुकान किंवा घर असतं.

4. सपोर्ट देताना

कोणी सपोर्ट मागितला, म्हणजे बेंचवर झोपून जड रॉड उचलताना मदतीला उभं राहायला सांगितलं, तर आधी विचारा, किती वेळा मारणार आणि हात कधी लावायचा. डोक्यामागे उभे राहा, हात रॉडजवळ ठेवा, पण तो अडकेपर्यंत किंवा समोरचा सांगेपर्यंत धरू नका. त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत, लक्ष पूर्ण त्याच्याकडे हवं.

5. नजर, सल्ला, कॅमेरा

व्यायाम करणाऱ्या ताईंकडे बघत बसणं किंवा "असं नाही, असं करा" म्हणत जवळ जाणं, यामुळे किती जणी जिम सोडतात, याचा विचार व्हायला हवा. न मागता सल्ला देऊ नका. कोणाची पद्धत चुकत असेल तर ट्रेनरला हळूच सांगा. रॉडवर प्लेट अडवणारी क्लिप सुटून प्लेट घसरताना दिसली, तर मात्र लगेच ओरडून थांबवा.

व्हिडिओ काढायचाच असेल तर भिंतीकडे तोंड करून काढा आणि मागे कोणी दिसत असेल तर आधी विचारा. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल पिशवीतच राहू द्या. फोन आला तर बाहेर जाऊन बोला.

6. उतरताना, निघताना

ट्रेडमिल चालू ठेवून उतरू नका. पट्टा फिरतोय हे न बघता पुढचा माणूस त्यावर पाय ठेवतो आणि पडतो. हँडल आणि बेंच पुसून घ्या. गर्दीत वीस मिनिटांनी ट्रेडमिल सोडणं योग्य.

जिम बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना नवा जड सेट सुरू करू नका. सगळे गेल्याशिवाय लादी पुसणाऱ्या मावशींना काम सुरू करता येत नाही, आणि त्यांनाही शेवटची बस गाठायची असते.