कंपनीतर्फे परदेशात व्हॉलंटिअरिंगला जाताय? या चुका टाळा

आमच्या कंपनीतून दरवर्षी काही जण चार आठवड्यांसाठी बाहेर जातात, तिथल्या एखाद्या सोशल एंटरप्राइझला, म्हणजे समाजासाठी धंदा करणाऱ्या संस्थेला, आपल्या हातातलं काम फुकट करून द्यायला. आयबीएमने २००८ मध्ये असा प्रोग्राम सुरू केला, एसएपीने २०१२ मध्ये, आता बऱ्याच कंपन्या करतात. मी केनियात किसुमूला जाऊन आले, आता नवीन बॅचची तयारी माझ्याकडे असते, आणि दरवेळी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेल्या गेल्या लॅपटॉप उघडून काहीतरी बनवायला घेणं. आम्हीही तेच केलं.

किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरचं शहर. तिथली आमची संस्था कमी कोळशात चालणाऱ्या शेगड्या (तिकडे जिको म्हणतात) आसपासच्या गावातल्या बायकांना हप्त्यावर विकायची. हप्ते मोबाइलवरून, एम-पेसाने. केनियात हे २००७ पासून आहे, आपलं यूपीआय आलं २०१६ ला, त्यामुळे ‘त्यांना डिजिटल शिकवायला चाललोय’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. हिशोब मात्र स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंच्या जाडजूड रजिस्टरमध्ये असायचा. आम्ही तिघांनी ते दहा मिनिटं चाळलं, आणि लगेच ऑनलाइन डॅशबोर्ड बनवायला बसलो. हप्ता चुकला की नाव लाल.

एका आठवड्यात स्क्रीन लालेलाल. आम्ही रिकव्हरीवर स्लाइड्स करायला लागलो, तेव्हा बाईंनी रजिस्टर उघडून कडेला पेन्सिलने काढलेले बारीक गोल दाखवले. त्यातल्या बऱ्याच बायका ओमेना विकणाऱ्या. ओमेना म्हणजे तिथली बारीक मासळी, रात्री दिव्याच्या उजेडावर पकडतात, आणि पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात ती दिव्याकडे येतच नाही, मग मासळी कमी, पैसे कमी, हप्ता आठवडाभर उशिरा. गोल म्हणजे ‘चंद्र आहे, थांबा’. आपल्याकडच्या कुठल्याही कोळणीला विचारलं असतं तर तिला अर्ध्या मिनिटात कळलं असतं!

तरी आम्ही डॅशबोर्ड पूर्ण केला, शेवटच्या दिवशी टाळ्या, केक, सगळं झालं. दोन महिन्यांनी आमच्या कंपनीकडून डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बंद झालं आणि डॅशबोर्डही, कारण अकाउंट आमच्या नावावर होतं. बाईंनी आमच्या सांगण्यावरून रजिस्टर लिहिणं बंद केलेलं, त्यामुळे त्यांना मोबाइलमधले एम-पेसाचे मेसेज एकेक उघडून दोन महिन्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागला. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला ते आजही बोचतं.

तेव्हापासून माझ्या बॅचला पहिला आठवडा लॅपटॉप बंद. ज्याचं काम सोपं करायला गेलात त्याच्या शेजारी बसा, त्याच्या वहीत त्याच्यासारख्या नोंदी हाताने करा. जे बनवाल ते त्यांच्याच अकाउंटवर, पहिल्या दिवसापासून. एक्सेल येत असेल तर एक्सेलच, नवीन टूल नको. आणि शेवटचा आठवडा तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही, ते चालवतील, तुम्ही बघायचं. घाईवाल्या पोरांना हे पटत नाही, त्यांना रिपोर्टमध्ये दाखवायला काहीतरी चकाचक हवं असतं. एआयकडून साठ पानी स्ट्रॅटेजी लिहून आणणारेही भेटतात, ती पानं तिथे कोणीही वाचत नाही.

दुसरी चूक वेळेची. एका मुलाला निरोप आला, बायकांची मीटिंग ‘सा न्ने’. त्याने शोधलं, अर्थ निघाला चार वाजता, हा पावणेचारला हजर. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक, त्यामुळे सा न्ने म्हणजे सकाळचे दहा. बायका बारापर्यंत थांबून चालत घरी गेल्या होत्या, एकेकीचा अर्धा दिवस बुडाला. स्वाहिलीत वेळ आली की सहा मिळवा, आणि तरीही एकदा विचारून घ्या.

बाकीच्या पटापट सांगते.

यलो फिवरची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, ती ठरावीक सेंटरवरच मिळते आणि सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर केनियातून भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

२०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी) लागतं, त्यात येण्याचं कारण खरं लिहा, टुरिस्ट म्हणून ढकलायचा शॉर्टकट नको.

मॅनेजरशी आधीच बोला. तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे इथला साडेनऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) तिथे सकाळी सातला, आणि मग दिवसभर डोकं पुण्यातच राहतं.

परत आल्यावर तीन महिन्यांनी फोन करा, मेल नाही, फोन. मी अजून करते. बाई आता एक्सेलमध्ये लिहितात, शीट त्यांनीच त्यांच्या पुतणीकडून करून घेतली, आणि शेवटच्या कॉलमचं नाव आहे ‘म्वेझी’, म्हणजे चंद्र.